सरत्या शरदात जुनी गाणी कशी ऐकावीत? बेळगावात नव्याने आलेल्यांसाठी

बदलीवर, नोकरीला, शिकायला किंवा लग्न होऊन जी मंडळी यंदा पहिल्यांदाच बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडे राहायला आली आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. इथला पाऊस तुम्ही काढलात, गणपती पाहिलेत, दिवाळीचा फराळही झाला. गल्लीतल्या पोरांनी मातीचे किल्ले केले होते, त्यावरचे मावळे आता डब्यात गेले. आकाशकंदील मात्र अजून दारात आहे. आता मार्गशीर्ष लागेपर्यंतचे जे थोडे दिवस उरतात, त्यांच्याबद्दल कुणी फारसं सांगत नाही. ते वाया घालवू नका.

जुनी गाणी ऐकायला वर्षातला सगळ्यात चांगला काळ हाच, असं मी ठामपणे म्हणेन. त्याचं पहिलं कारण अगदी साधं आहे, ते म्हणजे शांतता. जून ते सप्टेंबर इथे कौलांवर आणि पत्र्यावर पाऊस वाजत असतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात डोक्यावर पंखा घरघरतो. कार्तिकात परतीचा पाऊसही निघून गेलेला असतो, पंखा बंद होतो, पण थंडी अजून खिडक्या लावून घ्यायला सांगत नाही. तुळशीचं लग्न लागल्यावरही लग्नसराईला जोर चढायला थोडा वेळ लागतो, तोवर मांडवातले स्पीकर गप्प असतात. जुन्या ध्वनिमुद्रणातला आवाज मुळात बारीक. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा गुंजता नाद, गायकाने मध्येच घेतलेला श्वास, पेटीच्या भात्याचा उसासा हे ऐकू यायला एवढी शांतता हवीच.

दुसरं कारण हुरहुरीचं. सण आटोपलेले, पाहुणे परतलेले, शेतातलं भात कापून झालेलं. अशा वेळी जुनं गाणं आपोआप आठवतं. पण तुम्ही इथे नवे आहात. तुमच्या आठवणी दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या घरातल्या आहेत. मोबाइलवर जुन्या गाण्यांची यादी लावून तुम्हाला तुमचं गाव आठवेल, बेळगाव कळणार नाही. इथल्या जुन्या गाण्यांत शिरायचं असेल तर ज्याच्याकडे ती आठवण आहे त्याच्या शेजारी बसून ऐकावं लागतं. पुढे जे सांगते आहे ते सगळं त्यासाठीच.

आधी दिवस नीट ओळखा

आपल्या हिशेबात आश्विन आणि कार्तिक मिळून शरद. कोजागरीला तो भरात असतो, दिवाळीत अर्धा उलटतो आणि कार्तिक अमावास्येला संपतो. दुसऱ्या दिवशी मार्गशीर्ष, म्हणजे हेमंत. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तीन तिथ्यांवर खूण करून ठेवा: कार्तिकी एकादशी, त्रिपुरी पौर्णिमा आणि कार्तिक अमावास्या. त्रिपुरीपासून अमावास्येपर्यंतचा पंधरवडा हा खरा शेवटचा शरद.

त्याआधीचे काही दिवसही कामाचे आहेत. काकड आरती कोजागरीला सुरू होते आणि त्रिपुरीला संपते. त्यामुळे ती ऐकायची तर पौर्णिमेच्या आत. इंग्रजी तारखांपैकी ३१ ऑक्टोबर आणि ५ नोव्हेंबर लक्षात ठेवा, त्यांच्याविषयी पुढे सांगते. १ नोव्हेंबरला मात्र निवांत ऐकण्याचा बेत ठेवू नका. त्या दिवशी एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि दुसरीकडे सीमाभागातली मराठी माणसं १९५६ साली हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेल्याचं दुःख मनात धरून काळा दिवस पाळतात. शहराचे रस्ते आणि माणसांची मनं, दोन्ही त्या दिवशी भरलेली असतात.

चिकोडी, निपाणी, संकेश्वर या बाजूला राहत असाल तर आणखी एक गोष्ट. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम याच सुमारास सुरू होतो. उसाचे ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून रात्रभर रस्त्याने जातात. घर रस्त्यालगत असेल तर ऐकायची जागा परसदाराच्या खोलीत करा.

माणूस शोधा, गाणं मागाहून

नवे लोक आधी स्पीकर विकत घेतात. मी म्हणेन, आधी शेजारी पाहा. तुमच्या वाड्यात, चाळीत, अपार्टमेंटमध्ये सत्तरीच्या पुढचं कुणीतरी असतंच. टिळकवाडी, शहापूर, अनगोळ या भागांत तर घरटी एक जुना श्रोता निघेल. वडगावकडे आयुष्यभर मागावर बसलेली माणसं भेटतील. मागाच्या खटक्यातही रेडिओ ऐकू यावा म्हणून तो कानाशी, अगदी मागाच्या खांबालाच टांगायचा, अशी सवय त्यांच्यातल्या अनेकांना होती.

जायचं ते संध्याकाळी, पाचच्या पुढे. सकाळी पूजा, औषधं, आंघोळी असतात. दुपारी झोप. हातात पाव किलो कुंदा, म्हणजे इथली दुधाची मिठाई, न्या. एकादशीच्या आसपास गेलात तर कुंद्यापेक्षा किलोभर रताळी नेलेली जास्त आवडतात. बेळगावच्या मातीत रताळं चांगलं येतं आणि या दिवसांत बाजारात त्याचे ढीग असतात. मराठी घर असेल तर काका, आजी, मावशी जे ओठावर येईल ते. कन्नड घर असेल तर अज्जा, अज्जी, आणि आत शिरताना "नमस्कार री" म्हणालात तरी पुढचं मराठीत चालून जातं. कितीतरी घरांत आजी मराठी बोलते, सून कन्नड, आणि दोघी एकाच रेडिओवर ऐकतात.

प्रश्न कसा विचारायचा याला महत्त्व आहे. "तुमचं आवडतं गाणं कोणतं?" असं विचारू नका. त्या प्रश्नापुढे म्हातारी माणसं अवघडतात, आणि शेवटी सगळ्यांना माहीत असलेलं एखादं नाव सांगून मोकळी होतात. त्याऐवजी विचारा, "तुमच्याकडे रेडिओ कधी आला?" "त्याआधी गाणं कुणाच्या घरी जाऊन ऐकायचात?" "नाटक बघायला कुठं जायचात?" मग रेडिओची किंमत, तो आणला त्या दिवशी वडील काय बोलले, तो ठेवायला केलेलं फडताळ, त्यावर घातलेला क्रोशाचा रुमाल, असं सगळं येतं. गाणं त्या मागोमाग येतंच. आजी गुणगुणायला लागली की मध्ये बोलू नका. मोबाइल काढून लगेच ध्वनिमुद्रण सुरू करू नका. पहिल्या भेटीत तर नाहीच. पुढच्या वेळी विचारून करा. बहुतेक जण "कर की" म्हणतात.

खेड्यात राहत असाल, म्हणजे कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी किंवा खानापूरच्या बाजूला, तर म्हाताऱ्या बायकांना जात्यावरच्या ओव्यांबद्दल विचारा. शेतात काम करताना म्हणायच्या भलऱ्याही काहींना अजून आठवतात. मळणी यंत्रावर व्हायला लागल्यापासून त्या म्हणायची वेळच येत नाही. विचारणाराच कुणी नसतो, म्हणून त्या त्यांच्या तोंडातच राहिल्या आहेत.

यंत्र: आहे ते दुरुस्त करून घ्या

कुणी ना कुणी तुम्हाला कॅसेटचा डबा काढून देईल. त्या लगेच लावू नका. बेळगावचा पावसाळा कॅसेटला सोसत नाही. आधी खिडकीच्या उजेडात धरून बघा. फितीच्या गुंडाळीच्या कडेवर पांढरे ठिपके किंवा पिठासारखा थर दिसला तर ती बुरशी आहे. तशी कॅसेट टेपमध्ये घातली की बुरशी हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, लागते आणि मग पुढची प्रत्येक चांगली कॅसेटही खराब होत जाते. ती बाजूला ठेवा, जाणकाराला दाखवा.

स्वच्छ दिसणारी कॅसेट घ्या. मधल्या दात्यांच्या भोकात सहा कोनी पेन्सिल घालून हलकेच फिरवा म्हणजे सैल पडलेली फीत ताणली जाईल. खालच्या मोकळ्या बाजूला, फितीच्या मागे, पितळी पट्टीवर नमद्याचा एक छोटा तुकडा असतो. तो निघून पडलेला असेल तर आवाज दबका आणि खोल गेलेला येतो. जुन्या निकामी कॅसेटमधला तुकडा काढून तो बसवता येतो. मग कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे पळवा, आणि त्यानंतरच वाजवा. वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट बसलेली फीत त्याने मोकळी होते. टेपचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. काडी तपकिरी निघते, तो त्या फितींचा झडलेला थर. काडी स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहा.

हेच अल्कोहोल जुन्या तबकड्यांना मात्र चुकूनही लावू नका. जड, हातातून पडली तर काचेसारखी फुटणारी ७८ फेऱ्यांची तबकडी लाखेची असते, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. तिला मऊ कोरडा ब्रश पुरे. हलक्या, वाकणाऱ्या लाँगप्ले तबकड्या व्हिनाइलच्या. त्यांना स्वच्छ पाण्याचा ओलसर फडका चालतो, फक्त मधला कागद भिजू द्यायचा नाही. चावीच्या ग्रामोफोनला पोलादी सुई असेल तर प्रत्येक बाजूला नवी सुई घाला, आणि त्या ग्रामोफोनवर लाँगप्ले कधीच लावू नका. एकाच वाजवण्यात तिची खाच सोलून निघते. तबकड्या आडव्या रचून ठेवायच्या नाहीत, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवायच्या.

रेडिओचं काम सोपं आहे. मध्यम लहरी सूर्य मावळल्यावर लांबून येतात, कारण दिवसा त्यांना शोषून घेणारा वातावरणाचा वरचा थर रात्री विरतो. म्हणून दुपारी न लागणारं केंद्र सातनंतर लागलं तर नवल नाही. ट्रान्झिस्टरच्या आत फेराइटची कांडी असते, तीच त्याची अँटेना, आणि ती दिशा ओळखते. केंद्र नीट लागत नसेल तर काटा फिरवत बसण्याआधी आख्खा रेडिओच हळूहळू गोल फिरवून बघा. एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर यांनी खरखर वाढते. ते बंद करा, रेडिओ खिडकीशी न्या. सीमाभागातली घरं प्रामुख्याने दोन केंद्रांवर वाढली: १९५० सालचं धारवाड आणि १९६३ सालचं सांगली. एकाच कपाटावरचा एकच रेडिओ सकाळी सांगलीला मराठी अभंग ऐकवायचा आणि संध्याकाळी धारवाडला कन्नड भावगीत. हिंदीसाठी १९५७ साली सुरू झालेली विविध भारती होतीच. मध्यम लहरीवर जमलं नाही तर आकाशवाणीच्या अ‍ॅपवर ही केंद्रं मिळतात. शक्यतो रेडिओवरच लावा. पुढचं गाणं कोणतं ते आपल्या हातात नसणं, हाच त्या काळच्या ऐकण्याचा निम्मा आनंद होता, आणि म्हाताऱ्या माणसांना तोच आठवतो.

टेप-रेडिओ दुरुस्त करणारे जुने कारागीर शहराच्या जुन्या बाजारपेठेत विचारत गेलात तर अजून सापडतात. त्यांना घाई करू नका. दुकानात बसलात तर तिथेही दोन गोष्टी ऐकायला मिळतील.

काय ऐकायचं: सकाळचा भैरव, संध्याकाळचा श्री

इथे मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण शरद सरताना काय घडतं ते रागांतूनच कानाला नेमकं कळतं.

सहा राग आणि सहा ऋतू यांची जी जुनी सांगड आहे, तिच्यातल्या एका मांडणीत शरदाचा राग भैरव आणि हेमंताचा राग श्री. भैरव पहाटेचा, श्री सूर्यास्ताचा. दोन्हीत ऋषभ (रे) कोमल, धैवत (ध) कोमल, म्हणजे थोडे उतरलेले. म्हणजे दोन्हींचा चेहरा गंभीर, थोडा उदास, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते भाऊ भाऊ वाटतात. फरक मध्यमाचा (म). भैरवात तो शुद्ध आहे, श्रीमध्ये तीव्र, म्हणजे थोडा चढलेला. त्या एका स्वराने उजाडण्याचं मावळणं होतं.

करून बघा. कार्तिकातल्या कुठल्याही एका दिवशी सकाळी साडेसहाच्या सुमारास, गच्चीवर किंवा अंगणात, भैरवातली विलंबित, म्हणजे संथ, आलापी दहा मिनिटं ऐका. त्यातला ऋषभ जागच्या जागी हळूच डोलत राहतो, त्याला आंदोलन म्हणतात. तोच कानाने धरून ठेवा. बाकी काही कळलं नाही तरी चालेल. मग त्याच दिवशी संध्याकाळी पावणेसहाला, ऊन तिरपं होऊन पिवळं पडलं की श्री लावा. त्यातही ऋषभच आहे, पण आता तो डोलत नाही. गायक त्यावर पुन्हा पुन्हा येतो आणि तिथून गंधार-मध्यमावर (ग-म) न थांबता थेट पंचमावर (प) झेप घेतो. ऋषभापासून पंचमापर्यंतची ती उडी म्हणजे श्रीची ओळख. सकाळी बसून राहिलेला स्वर संध्याकाळी उठून निघाला, हे ज्याला एकदा ऐकू आलं त्याला राग शिकवावे लागत नाहीत. हे दोन-चार दिवस केलंत की संध्याकाळी उशिराचा मारवा लावा. त्यात पंचम नाहीच आणि षड्जावरही (सा) गायक टेकत नाही, त्यामुळे पायाखालची जमीन काढून घेतल्यासारखं होतं. एकटे असाल तर मारवा टाळा, असं मी मनापासून सांगेन. परगावी नव्याने राहणाऱ्याला तो फार लागतो.

कुणाचं ऐकायचं? या भागात हा प्रश्न पडणं हेच भाग्य आहे. बेळगावपासून थोड्याच अंतरावर सुळेभावी गाव आहे. तिथे ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र कोमकाली जन्मले, ते आपले कुमार गंधर्व. ऋतूंवर आखीव मैफली करणारे ते गवई. गीतवर्षा, गीतहेमंत, गीतवसंत अशा त्यांच्या मैफली होत्या. धारवाडला मल्लिकार्जुन मन्सूर, हुबळीला गंगूबाई हनगल, कुंदगोळला सवाई गंधर्व, गदगचे भीमसेन जोशी. वर मिरजेला अब्दुल करीम खाँ, कोल्हापुरात अल्लादिया खाँ. नकाशावर बोट ठेवलंत तर बेळगाव या सगळ्यांच्या मध्ये येतं. सुरुवात करताना एका आठवड्यात एकच आवाज घ्या. अब्दुल करीम खाँसाहेबांपासून केलीत तर उत्तम, कारण त्यांच्या जुन्या तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांच्या आहेत आणि नव्या कानाला तेवढंच झेपतं. ते गेले तेही याच दिवसांत, २७ ऑक्टोबर १९३७ रोजी, दक्षिणेतल्या प्रवासात एका रेल्वे स्टेशनवर. आपल्याकडे गाणं तबकडीवर उतरायला लागलं तेही नोव्हेंबरातच, १९०२ साली, कलकत्त्यात. तेव्हाचे गायक तबकडीच्या शेवटी स्वतःचं नाव सांगायचे. एखाद्या जुन्या तबकडीत ते ऐकू आलं तर दचकू नका.

पेटी ऐकायची असेल तर बेळगावचेच रामभाऊ विजापुरे. १९१७ ते २०१० एवढं दीर्घ आयुष्य त्यांना लाभलं आणि त्यांनी शिकवलेली माणसं या शहरात गल्लोगल्ली आहेत. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीवर बंदी घातली होती. त्या काळातही बेळगावच्या घराघरांत पेटी वाजत राहिली. तुमच्या शेजारच्या काकांकडे गवसणी घातलेली पेटी दिसली तर ते कुणाकडे शिकले, एवढंच विचारा.

नाटकाच्या गाण्यांचा आठवडा

आता त्या दोन तारखा. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन, कारण १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत पहिला नाट्यप्रयोग केला. त्यांना ती प्रेरणा मिळाली ती सांगलीत आलेल्या कर्नाटकातल्या भागवत मंडळींच्या खेळांवरून. आणि ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात 'संगीत शाकुंतल' उभं राहिलं, ते करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. बेळगावात त्यांनी शिक्षकाची नोकरीही केली होती. पुढे केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श १९०८ साली स्थापन झाली ती हुबळीत. मराठी माणूस ज्याला अस्सल आपलं म्हणतो ते नाट्यसंगीत असं कर्नाटकाच्या मातीतून ये-जा करत मोठं झालं. इथल्या कन्नड गवयांनी नाट्यपदं ज्या प्रेमाने गायली ती ऐकली की हे वेगळं सांगावं लागत नाही.

३१ ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर रोज रात्री जेवणानंतर दोन नाट्यपदं ऐका, जास्त नको. जुन्या माणसाबरोबर ऐकत असाल तर पद संपल्यावर विचारा की हे पद नाटकात कुठे येतं. प्रसंग सांगता सांगता ते पूर्ण प्रवेश म्हणून दाखवतात. पद कळायला त्याहून चांगली शिकवणी नाही.

काकड आरतीला एकदा तरी उठा

हे छोटंच आहे, पण चुकवू नका. गावातल्या विठ्ठलाच्या किंवा मारुतीच्या देवळात पहाटे चार-पाचच्या दरम्यान काकडा असतो. वेळ आदल्या दिवशी पुजाऱ्यांना विचारून घ्या. स्वेटर घाला, बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर आहे आणि कार्तिकातली पहाट इथे बोचते. मागे बसा, टाळ हातात दिले तर घ्या, हळू वाजवा. स्पीकर लावलेला असेल तर खांबाच्या आडोशाला बसलं की माणसांचा मूळ आवाज ऐकू येतो. हे गाणं कुठल्याही डबीत मिळणार नाही, कारण दर वर्षी ते थोडं वेगळं असतं. गेल्या वर्षी पहिल्या रांगेत असलेला एखादा खणखणीत आवाज यंदा नसतो, आणि ते सगळ्यांच्या लक्षात येतं.

एखादा रविवार बाहेर

बेळगाव–मिरज रेल्वेमार्गावर बेळगावहून निघालं की सांबरा, मग सुळेभावी. सकाळच्या पॅसेंजरने सुळेभावीला उतरा, गावातून फिरा, शेतं बघा, परत या. तिथे जाऊन काय बघायचं असं विचारू नका. कुमारांचं गाणं आधी ऐकून गेलात तर त्या गावातून नुसतं चालणंही पुरेसं आहे. गाडीत पुढे बसून राहिलात तर घटप्रभा, कुडची करत मिरज येतं. तिथे सतारमेकरांची दुकानं आहेत. वाळवलेल्या भोपळ्यांच्या राशी, अर्धवट झालेले तंबोरे, आणि घोडीवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीवर, जवारी काढत बसलेला कारागीर. कानसाने घोडीचा माथा इतका हलकेच घासतो की घासल्याचं दिसतही नाही, मग एकदा तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. तार एका क्षणी नुसती वाजायची थांबते आणि गुंजायला लागते. तो क्षण बघायला मिळाला तर जुन्या ध्वनिमुद्रणाच्या मागे सतत काय चालू असतं ते कायमचं कळेल. कारागिरांच्या कामात आपण बसतोय हे ध्यानात ठेवा आणि आधी विचारा.

शहरातल्या शहरात राहायचं असेल तर सार्वजनिक वाचनालयाचं सदस्य व्हा. १८४८ सालची संस्था आहे. वाचनालयाच्या फळ्यावर आणि स्थानिक वृत्तपत्रांच्या आतल्या पानावर मैफलींच्या सूचना येतात. आर्ट्स सर्कलसारख्या संस्थांच्या मैफली चुकवू नका. वेळेवर पोहोचा, बेळगावचा श्रोता वेळेचा पक्का आहे.

शेवटच्या आठवड्यात घरी बैठक

त्रिपुरी झाल्यावर, अमावास्येच्या आत, एका संध्याकाळी तुमच्या घरी बोलवा. ज्यांच्याकडे जाऊन तुम्ही ऐकलंत त्यांनाच. पाच-सात माणसं पुरेत. सतरंजी घाला, पण भिंतीला टेकून खुर्च्या ठेवा, गुडघे सगळ्यांचे सारखे नसतात. वातावरणासाठी म्हणून दिवे मालवू नका, वयस्कर माणसांना उठता-बसता दिसलं पाहिजे. चहा आधी द्या, मधे नको. शेंगा उकडून ठेवल्यात तर त्या शेवटी, कारण फोडण्याचा आवाज होतो.

तीनच गोष्टी लावा. पहिली निवड घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या पाहुण्याची. दुसरी कन्नड, वचन (शरण संतांची रचना) किंवा भावगीत. मन्सूरांची वचनं मिळाली तर तीच. कन्नड न येणाऱ्यांना कुणीतरी दोन वाक्यांत अर्थ सांगावा. तिसरी निवड तुमची, तुमच्या गावची. विदर्भातून आला असाल, कोकणातून, बिदरहून, कुठूनही. इथल्यांनी तुम्हाला आपलं घर उघडून दाखवलं, आता तुमचं त्यांना दिसू द्या. दोन गाण्यांमध्ये निदान पाच मिनिटं काहीही लावू नका. गप्पा त्याच जागेत होतात, आणि बैठक खरं तर त्या गप्पांसाठीच असते.

एक वही ठेवा. गाण्यांची यादी नको, कोणी कोणतं गाणं कुठे ऐकलं होतं तेवढं लिहा: कुठल्या गल्लीत, कुणाच्या ओसरीवर, कुठल्या साली. पुढच्या शरदात त्यातली काही माणसं नसतील आणि त्यांच्या नातवंडांना हे कुठेच मिळणार नाही.

उसन्या आणलेल्या कॅसेट आणि तबकड्या अमावास्येच्या आत परत करा. कॅसेट सुरुवातीपर्यंत मागे फिरवून, डबीत पुन्हा त्याच कागदासह. डब्यात कापडाच्या पुरचुंडीत थोडं सिलिका जेल घालून द्या आणि ते पुढच्या जूनच्या आधी बदलायला लागतं हेही सांगा. नेऊन द्यायला स्वतः जा, दुसऱ्याच्या हाती पाठवू नका. बहुतेक घरांत तो डबा परत घेतल्यावर दुसरा काढून देतात.